परत केलेलं प्रजासत्ताक

आत्या तांदूळ निवडत बसली होती. मी फोनवरचा फोटो तिच्यापुढे धरला. इ.स.पू. २८ मधलं सोन्याचं रोमन नाणं. एका बाजूला रोमचा तेव्हाचा सर्वेसर्वा ऑक्टेव्हियन याचा चेहरा. दुसऱ्या बाजूला तोच, खुर्चीत बसून हातातली गुंडाळी पुढे करतोय. भोवती अक्षरं कोरलेली : रोमन जनतेला कायदे आणि हक्क परत केले.

आत्याने चष्मा सारखा केला. "परत कोण देतो? ज्याच्या मुठीत असतं तो. नाण्यावरच कबुली आहे बघ."

"पण त्याने दिले ना. पुढच्याच जानेवारीत सिनेटपुढे सगळे अधिकार सोडले."

"आणि सिनेटने स्पेन, गॉल, सीरिया दहा वर्षांसाठी त्याच्याच हवाली केले. म्हणजे बहुतेक सगळ्या फौजा. वर 'ऑगस्टस' ही पदवी. राजा मात्र म्हणवून घेतलं नाही. राजा होईल या भीतीने झालेला सीझरचा खून तो विसरला नव्हता."

"मग प्रजासत्ताक गेलं नेमकं कधी? सर्वोच्च पदावरचे कॉन्सल निवडून येतायत, सिनेट भरतंय. मला तो दिवसच सापडत नाही."

"मला विचारशील तर इ.स.पू. २३ कडे बघ. त्या वर्षी त्याने कॉन्सलपद सोडलं. पण ट्रिब्यूनचे अधिकार घेतले, ट्रिब्यून न होता! ट्रिब्यून म्हणजे सामान्यांचा रखवालदार. कुठलाही ठराव अडवायचा, त्याच्या अंगाला हात लावणं पाप. पण मुदत वर्षाची, आणि बरोबरीचे आणखी नऊ जण. ऑगस्टसने पदं होती तशी ठेवली, अधिकार तेवढा स्वतःकडे घेतला, तोही जन्मभरासाठी."

मला राहवलं नाही. "पाप मानलं कोणी, आत्या? इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस ट्रिब्यूनच होता. गरिबांना जमिनी देऊ लागला, तर सिनेटरांनीच बाकांच्या मोडक्या पायांनी त्याला ठेचलं आणि प्रेत नदीत टाकलं. मग शंभर वर्षं तेच. सेनापती सुल्लाने स्वतःच्याच शहरावर सैन्य आणलं. वक्ता सिसेरो ज्या व्यासपीठावरून बोलायचा, तिथेच त्याचं मुंडकं आणि हात लटकले. त्या कत्तलीत ऑक्टेव्हियनही सामील होता, मान्य. पण ज्याची मुलं यादवीत गेली, त्याला कुठल्या तोंडाने सांगशील, ही शांतता नाकार म्हणून?"

तिचा हात ताटातच थांबला. "नाही सांगू शकत. तिथेच मी अडते."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "इ.स.पू. २२ मध्ये टायबर नदीला पूर आला, रोगराई झाली, धान्य मिळेना. लोकांनी सिनेटरांना सभागृहात कोंडलं आणि धमकावलं, ऑगस्टसला हुकूमशहा करा, नाहीतर आतच जाळू. मग सत्तेची खूण असलेल्या दंडांच्या चोवीस मोळ्या घेऊन त्याच्याकडे गेले, गयावया करायला. त्याने अंगावरची वस्त्रं फाडली, पण हुकूमशहा व्हायला नकार दिला. धान्याचा कारभार तेवढा घेतला. थोड्याच दिवसांत शहराची भीती घालवली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय."

"बघ, पोटाला मिळालं."

"मिळालं. उपाशी माणसाला मी दोष देणार नाही. पण मला त्यांचा रागही येतो रे. सबंध सिनेट कोंडण्याइतकं बळ होतं त्यांच्यात! त्या बळावर धान्याचा हिशेब मागता आला असता. मागितलं काय? मालक."

"हिशेब मागायला गेलेल्या ग्रॅकसचं काय झालं, ते त्यांना ठाऊक होतं."

"होतं," ती म्हणाली. ताट बाजूला सारलं. "इ.स. १४ मध्ये ऑगस्टस गेला. त्याचा वारस, दुसराच एक टायबेरियस, सत्तेवर आला आणि अधिकारी निवडायचं काम त्याने लोकांच्या सभेकडून काढून सिनेटकडे दिलं. इतिहासकार टॅसिटस लिहितो, लोकांनी नुसती कुरकुर केली. मोळ्या घेऊन धावलेल्यांचीच ती मुलं-नातवंडं. त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी कोणी गेलं नाही."