आईचा आकडा

मागच्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. 'मी येतोच' असं तिला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात ऑफिसात रिलीज आलं. एका मित्राला घर हलवायला मदत करायचं कबूल केलं होतं, एका ज्युनिअरला कोड तपासून द्यायचा होता. सगळ्यांना 'हो' म्हणून बसलो होतो. ऐनवेळी नकाराचा फोन एकालाच केला. आईला. ती म्हणाली, "असू दे रे, मामा आहे ना. तू काम बघ."

मी लिनक्सवर काम करतो, म्हणून मला ही गोष्ट नीट ओळखता आली.

एखादा प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा लिनक्स सहसा लगेच 'हो' म्हणतं. पण त्या क्षणी देतं ते फक्त पत्ते. खरी रॅम मिळते ती प्रोग्राम त्या जागेला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा, एकेक पान करून. बहुतेक मशीनवर हे पान 4096 बाइटचं असतं. सगळे मागितलेलं सगळं वापरत नाहीत, या भरवशावर असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल केली जाते. बहुतेक वेळा निभावतं. ताण आला की बराच वेळ न वापरलेली पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जातात. फोनमध्ये ती बहुधा दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवतात. पण कधीतरी सगळेच एकदम आपला वाटा मागतात. मग कर्नल एक प्रोग्राम निवडतो आणि मारून टाकतो.

कोणाला मारायचं? त्यासाठी आकडे असतात. अँड्रॉइडमध्ये समोर उघडलेल्या अ‍ॅपचा आकडा 0. मागे नुसत्या पडून असलेल्या अ‍ॅप्सचा 900 च्या वर. आकडा जितका मोठा, तितका नंबर आधी. कारण साधं आहे: मागचं अ‍ॅप बंद केलं तरी कोणी ओरडत नाही. पुन्हा उघडलं की ते निमूट पहिल्यापासून सुरू होतं.

आईचा आकडा 900 च्या वर होता. बॉस ओरडला असता, मित्र रुसला असता. आई पुन्हा निमूट सुरू होणार, हे मला ठाऊक होतं. जो सगळ्यात सहज माफ करेल, त्यालाच मी आधी बंद केलं.

हे चूक आहे का? कर्नलची बाजू मांडता येते. कोणाला तरी जावंच लागणार असेल, तर कमीत कमी नुकसान होईल असा माणूस निवडावा. पण 'कमी नुकसान' मी मोजलं कसं? मला किती ऐकून घ्यावं लागेल, यावरून. तिच्या डोळ्यावर पट्टी असताना ती कोणाचा हात शोधत होती, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. गप्प राहणाऱ्याचं नुकसान दिसत नाही, म्हणून ते झालंच नाही असं आपण धरून चालतो.

आणि मारायची वेळ आली तेव्हा न्याय करायला उशीर झालेलाच असतो. कोणालाही निवडलं तरी अन्यायच होणार. मुळातली चूक महिनाभर आधीची होती, त्या सहज दिलेल्या 'हो'ची. ती आईची नव्हती, मित्राचीही नव्हती. ती माझी.

लिनक्समध्ये एक सेटिंग आहे: ओव्हरकमिट 2 वर ठेवलं की ठरलेल्या मर्यादेपलीकडची मागणी दारातच नाकारली जाते. प्रोग्रामला तेव्हाच कळतं, त्याला दुसरा काही मार्ग बघता येतो. फार थोडे लोक हे वापरतात, कारण त्यात पुष्कळ मेमरी नुसती राखीव पडून राहते. नाही म्हणणारा माणूसही असाच थोडा रिकामा, थोडा कंजूष दिसतो.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याच तारखांना मित्रांची ट्रिप ठरते आहे. 'बघतो' असं टाइप केलं होतं. ते खोडलं आणि 'नाही जमणार' लिहिलं. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. या वेळी आधी पोचणार आहे, मग बोलणार आहे.