डॉक्टर, मला भीती वाटते



आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्याआधी कुणाला कॅन्सर झाला की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येई, मुंबईचे टाटा हॉस्पिटल. आता मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून रोगी इथे येतात. गावाकडचे नातेवाईक किमोसाठी किंवा ‘शेक’ घेण्यासाठी आपल्या घरी मुक्कामाला असतात. उपचार जवळ आले, ही देवाची कृपा. पण डॉक्टर आणि रोगी यांच्या मनांमधले अंतर पुष्कळदा तसेच राहते. आज त्याविषयी थोडा विचार करू या.

बहुधा काय घडते? आई आत जाण्याआधी मुलगा डॉक्टरांना हात जोडून सांगतो, “साहेब, तिला काही सांगू नका, ती धीर सोडेल.” आई येऊन बसते. बोलणे मुलाशी होते, रिपोर्ट मुलाच्या हाती जातो. ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघते. तिला कळत नाही का? रुग्णालयाचे नाव तर फाटकावरच लिहिलेले असते. तिला सारे कळते. पण मुलाला वाईट वाटू नये म्हणून तीही विचारत नाही. तिघांच्याही मनात माया आहे, तिघेही गप्प आहेत, आणि त्यात सर्वांत एकटी पडते ती आई.

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण बाहेर रांग लागलेली असते. शिवाय रोगी रडू लागला तर काय बोलावे, हे पूर्वी त्यांना क्वचितच कुणी शिकवले. आता त्यात बदल होत आहे. २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी कॅन्सरची वाईट बातमी कशी सांगावी, याच्या सहा पायऱ्या मांडल्या. निवांत जागी बसावे. रोग्याला काय ठाऊक आहे ते विचारावे. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारावे. मग सोप्या शब्दांत सांगावे. त्याच्या भावना ओळखून त्याला आधार द्यावा. आणि शेवटी पुढचा मार्ग ठरवावा. आपल्या देशातही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रोग्याशी संवाद कसा करावा हे शिकवले जाते. या सहांपैकी दोन पायऱ्या सांगण्याआधी विचारण्याच्या आहेत, हे लक्षात घ्या.

हे विचारणे आपल्याला शुभवर्तमानात भेटते. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारत होता, तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसायला सांगितले. येशूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि त्याची इच्छा काय आहे ते विचारले. तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभूने त्याच्या वतीने उत्तर गृहीत धरले नाही. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, गप्प करणाऱ्या लोकांच्या की विचारणाऱ्या प्रभूच्या?

काही जण म्हणतात, “फादर, भीती बोलून दाखवली तर विश्वास कमी पडला असे होईल.” असे मुळीच नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने आपले दुःख तीन शिष्यांना उघडपणे सांगितले आणि पित्यापाशी आपली व्याकूळता मांडली. ते ऐकायला शिष्य जागे राहिले नाहीत, ही त्या रात्रीची खंत आहे.

गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञाने समस्या आणि गूढ यांत भेद केला. समस्या माझ्यासमोर असते, मी ती सोडवतो. गूढात मी स्वतःच गुंतलेला असतो. गाठ ही समस्या आहे, तिच्यावर शस्त्रक्रिया होते. पण जिला गाठ झाली ती आई समस्या नव्हे. तिच्याजवळ बसावे लागते. मुंबईत माउंट मेरी चर्चजवळ १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन, हे आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, याची साक्ष देते. ते स्थापन करणारे डॉ. एल. जे. डिसोझा स्वतः कॅन्सरचे शल्यचिकित्सक होते. रोग बरा होण्यासारखा नसला, तरी रोग्याची सेवा संपत नाही, हे त्यांनी ओळखले.

मग आपण काय करावे? रोग्यांनो, मनातले प्रश्न कागदावर लिहून न्या आणि “डॉक्टर, मला भीती वाटते” असे म्हणायला लाजू नका. नातेवाइकांनो, रोग्याच्या वतीने ठरवण्याआधी त्यालाच विचारा. काहींना सारे जाणून घ्यायचे नसते. तोही त्यांचा हक्क आहे, पण तो त्यांनी सांगावा. आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर व परिचारिका बंधुभगिनींनो, दोन मिनिटे का होईना, बसून बोला. आणि भेटीला जाणाऱ्यांनो, “काही होणार नाही” असे घाईने म्हणू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते.

आणखी एक विनंती. धर्मगुरू तेल घेऊन आले की शेवट आला, या भीतीने अनेक घरांत आम्हाला फार उशिरा बोलावले जाते. हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. ऑपरेशनच्या आधी बोलवा, रोगी शुद्धीवर असताना बोलवा. अभ्यंगाआधी आम्ही त्याचे म्हणणे ऐकू, मग सर्व मिळून प्रार्थना करू.

आरोग्यदायिनी मरिया आपल्या सर्व आजाऱ्यांना, त्यांच्या डॉक्टरांना आणि घरच्यांना बोलण्याचे धैर्य आणि ऐकण्याचे प्रेम मिळवून देवो.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू