विमान तर उडणारच होते

लंडनहून पॅरिसला जाणाऱ्यापुढे धर्मसंकट असे फारसे नसते. सेंट पँक्रस स्थानकातून सुटणारी युरोस्टार गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून साधारण सव्वादोन तासांत पॅरिसच्या मध्यावर पोहोचते. विमान हवेत तासा-सव्वा तासच असते, पण विमानतळ गाठणे, तपासणीच्या रांगा आणि उतरल्यावर पुन्हा शहरात येणे हे सगळे धरले की अर्धा दिवस जातो. प्रश्न खरा उभा राहतो तो बर्लिन-पॅरिससारख्या मार्गावर. डिसेंबर २०२४पासून या दोन शहरांत दिवसाची थेट वेगवान गाडी आहे. तिला आठ तास लागतात. विमान दोन तासांच्या आत पोहोचवते आणि त्याचे तिकीट पुष्कळदा स्वस्तही पडते. अशा वेळी वेळ आणि पैसा दोन्ही जास्त मोजून गाडीने जाणे हे प्रवाशाचे कर्तव्य आहे, की ज्याच्या-त्याच्या आवडीचा मामला?

दोन्ही वाहनांच्या धुरात फरक आहे, यावर वाद नाही. ब्रिटिश सरकार कार्बन मोजणीसाठी जे आकडे प्रसिद्ध करते, त्यांत युरोस्टारचा वाटा दर प्रवासी-किलोमीटरला पाच ग्रॅमच्या आसपास येतो, तर जवळच्या पल्ल्याच्या विमानाचा दीडशे ग्रॅमच्या आसपास. पोलंडसारख्या कोळशावर वीज करणाऱ्या देशात गाडीची बाजू इतकी उजळ राहत नाही. फ्रान्समध्ये वीज मुख्यतः अणुऊर्जेची असल्याने ती फारच उजळ दिसते. तरीही सर्वसाधारणपणे गाडी कितीतरी पटींनी कमी हानी करते. वाद आहे तो या हानीचा एका प्रवाशाशी संबंध काय, यावर.

सर्वांत जास्त ऐकू येणारा बचाव साधा आहे: विमान तर उडणारच होते. वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरलेले, वैमानिक नेमलेला, टाकीत इंधन भरलेले. एक माणूस घरी बसला तर एक खुर्ची रिकामी जाईल, एवढेच. अमेरिकी तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी २००५च्या एका गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा शास्त्रशुद्धपणे मांडला. त्यांचे उदाहरण विमानाचे नव्हते. रविवारी दुपारी केवळ मजेखातर भरपूर पेट्रोल खाणारी मोटार फिरवणाऱ्या माणसाचे होते. एका फेरीमुळे कोणताही पूर येत नाही, कोणतेही पीक जळत नाही. मग ती फेरी चूक कोणत्या तत्त्वाने ठरते? त्यांनी एकेक तत्त्व तपासले आणि एकही पुरे पडत नाही असा निष्कर्ष काढला. व्यक्तीचे कर्तव्य आहे, पण ते सरकारला कृती करायला लावण्याचे, असे त्यांचे म्हणणे.

हा युक्तिवाद वाटतो तितका पक्का नाही, हे दाखवणारे उदाहरण त्याच्या तीस वर्षे आधीच मांडले गेले होते. १९७५ साली जोनाथन ग्लोव्हर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने शंभर दरोडेखोरांची गोष्ट रचली. एका गावात शंभर माणसे जेवायला बसली आहेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे. दरोडेखोर येतात, प्रत्येक जण एकेक वाडगा पळवतो. पुढच्या खेपेस त्यांचे मन खाते, म्हणून ते पद्धत बदलतात: प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक वाडग्यातून एकच दाणा उचलतो. एका दाण्याने कोणाची भूक वाढत नाही, त्यामुळे प्रत्येक जण निर्धास्त मनाने परततो. वाडगे मात्र पुन्हा रिकामेच. 'माझ्या वाट्याची हानी जाणवण्याइतकी नाही' आणि 'माझ्या वाट्याची हानी नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि गफलत पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्यात आहे. तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथात नैतिक गणितातल्या चुकांची जी यादी केली, तिच्यात ही एक आहे.

विमानाच्या बाबतीत मात्र दाण्यांचे उदाहरण तंतोतंत लागू पडत नाही. दाणा उचलला की तो गेलाच. तिकीट न काढल्याने इंधन वाचतेच असे नाही. यावर तत्त्वज्ञ शेली केगन यांनी संभाव्यतेचे उत्तर दिले. शंभर तिकिटे कमी खपली की कंपनी एक फेरी रद्द करते, असे समजा. मग एखाद्या प्रवाशाचे न काढलेले तिकीटच ते शंभरावे ठरण्याची शक्यता शंभरात एक, पण ठरले तर परिणाम पूर्ण फेरीचा. गुणाकार केला की प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी एका प्रवाशाएवढी हानी येतेच. दुसरे तत्त्वज्ञ मार्क बुडॉल्फसन यांनी यातल्या कच्च्या दुव्यावर बोट ठेवले: प्रत्यक्ष बाजारात इतका सैलपणा असतो की एका गिऱ्हाइकाने काटा हलण्याची शक्यता केगन मानतात त्याहून फार कमी. विमान कंपन्यांना हे विशेष लागू आहे. एका प्रवाशाने माघार घेतली तर संगणक खुर्चीचा भाव उतरवतो आणि ती दुसऱ्याच कोणाला तरी स्वस्तात जाते.

युरोपात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. २०१२पासून युरोपांतर्गत उड्डाणे युरोपीय संघाच्या उत्सर्जन परवान्यांच्या बाजारात मोडतात. एकूण परवान्यांची संख्या वरून ठरलेली. तेव्हा बर्लिनचा प्रवासी विमान टाळून गाडीत बसला, तर वाचलेला परवाना एखादे कोळशाचे वीजकेंद्र विकत घेईल. एकूण धूर तेवढाच. या आक्षेपाला उत्तरे आहेत. जास्तीचे परवाने बाजूला काढणारी राखीव व्यवस्था २०१९पासून सुरू झाली, आणि विमानाच्या मागे उमटणाऱ्या ढगांच्या रेषांचा तापमानावर होणारा परिणाम या परवान्यांत धरलेलाच नाही. तरीही आक्षेप पूर्णपणे निकाली निघत नाही. निव्वळ परिणाम मोजून कर्तव्य सिद्ध करू पाहणाऱ्याची इथे दमछाक होते, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे.

याच कोड्याचा वेगळ्या अंगाने विचार भारतीय परंपरेत फार पूर्वी झालेला आहे, तोही वाहनाच्या नव्हे, भिक्षेच्या संदर्भात. जैन आचारशास्त्र हिंसेचे तीन प्रकार मानते: केलेली, करवून घेतलेली आणि अनुमोदन दिलेली. योगसूत्रांतही कृत, कारित, अनुमोदित अशी हीच विभागणी आहे. अन्न शिजवायचे तर अग्नी, पाणी आणि वनस्पती यांतल्या जीवांची हिंसा अटळ. म्हणून साधू स्वतः शिजवत नाही, कोणाकडून शिजवून घेत नाही, आणि खास त्याच्यासाठी शिजवलेले उद्दिष्ट अन्न घेतही नाही. गृहस्थाने आपल्या कुटुंबासाठी रांधलेल्यातला थोडा अंश, तोही अनेक घरांतून, एवढेच त्याला चालते. बौद्ध विनयातही भिक्षूला मांस वर्ज्य नव्हते, पण ते त्याच्यासाठी मारलेले आहे असे पाहिलेले किंवा ऐकलेले नसावे, तसा संशयही नसावा, अशी अट होती.

'अन्न तर शिजणारच होते' ही सबब इथे फेटाळलेली नाही, उलट तिच्यावरच भिक्षेची सारी व्यवस्था उभी आहे. मात्र ती केव्हा खरी आणि केव्हा खोटी, याची कसोटी दिलेली आहे. ती कसोटी अशी: घेणारा नसता तर ही वस्तू तयार झाली असती का? गृहस्थाचे जेवण साधू आला नसता तरी शिजलेच असते. विमानाची फेरी कोणासाठी असते? वैमानिकाच्या कुटुंबाला पॅरिस दाखवण्यासाठी ती निघत नाही. ती निघते बर्लिनहून पॅरिसला जाऊ इच्छिणाऱ्या, नावानिशी माहीत नसलेल्या पण संख्येने अंदाज बांधलेल्या प्रवाशांसाठी. त्या अंदाजात तिकीट काढणारा प्रत्येक जण आधीच मोजलेला असतो. म्हणजे खुर्ची त्याच्यासाठी उद्दिष्टच आहे. त्याचे नाव पाटीवर नाही इतकेच. परिणामांच्या हिशेबात जो सुटतो तो या कसोटीत अडकतो, कारण ही कसोटी एका तिकिटाने काय बदलले हे विचारत नाही. ती फेरी कोणाच्या नावे निघाली ते विचारते. एकूण वादात हे उत्तर सर्वांत समाधानकारक वाटते. अर्थात परंपरेलाही आतली ओढाताण चुकलेली नाही: साधू गावात येणार हे कळल्यावर श्रावक गृहस्थाच्या चुलीवर थोडे अधिक शिजतेच, आणि ते कोणासाठी हे सर्वांना ठाऊक असते.

पाश्चात्त्य चर्चेत धर्माचा संदर्भ येतो तो बहुधा भरपाईच्या निमित्ताने. तिकिटासोबत चार पैसे जास्त भरून झाडे लावण्याच्या योजनेला पाठबळ द्यायचे, या प्रकाराची तुलना अनेकांनी मार्टिन ल्यूथरने १५१७मध्ये ज्यांच्यावर हल्ला चढवला त्या पापमुक्तीच्या पत्रांशी केली. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५च्या आपल्या पर्यावरणविषयक पत्रकात कार्बन पतपत्रांच्या व्यापाराबद्दल साशंकता व्यक्त केली. तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांना पापमुक्तीच्या पत्रांशी केलेली ही तुलना मान्य नाही. पापमुक्तीच्या पत्राने घडलेले पाप पुसले जाते असा दावा होता. भरपाई खरोखर झाली तर हानी घडतच नाही. तर्क बिनचूक आहे. अडचण 'खरोखर' या अटीत आहे, कारण जंगल राखण्याच्या अनेक योजनांचे दावे तपासणीत फुगवलेले निघाले आहेत.

कर्तव्य आहे असे मानले, तरी ते किती कडक, हा पुढचा प्रश्न. जैन मुनी वाहनात बसत नाहीत; पायी विहार करतात. १९७० साली मुनी चित्रभानू मुंबईहून जिनिव्हाच्या सर्वधर्मीय परिषदेला विमानाने गेले, तेव्हा समाजात मोठा विरोध झाला. व्रत मोडून धर्म पोहोचवावा की व्रत राखून घरी राहावे, असा तो पेच होता. आचार्य तुलसींनी १९८०मध्ये जैनांच्या तेरापंथात समण श्रेणी सुरू केली. साधू आणि गृहस्थ यांच्या मधल्या या वर्गाला वाहनाची मुभा मिळाली. त्याही आधीपासून महाव्रत आणि अणुव्रत हा भेद होताच: साधूला संपूर्ण त्याग, संसारी माणसाला झेपेल तेवढा. हवामानाच्या चर्चेत हा भेद क्वचितच केला जातो. तिथे एकतर विमानाला आयुष्यभर रामराम, नाहीतर मनमानी, अशी दोनच टोके दिसतात.

स्वीडनमध्ये २०१८-१९ साली विमानप्रवासाची लाज वाटण्याची जी लाट आली, तिच्यात एक शपथ मोठी विचारपूर्वक रचलेली होती. एक वर्ष विमानात न बसण्याची ही शपथ एक लाख देशबांधवांनी घेतली तरच बंधनकारक व्हायची होती. 'मी एकट्याने काय होणार' या शंकेला हे सरळ उत्तर होते: एकट्याने करूच नका. लाखाचा आकडा गाठला गेला नाही, पण कल्पना चुकीची ठरत नाही. २०१९मध्ये स्वीडनच्या सरकारी विमानतळांवरची देशांतर्गत वाहतूक सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. त्यात लाजेचा वाटा किती आणि नव्या विमान कराचा व घसरलेल्या क्रोनाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. तो कर पुढे जुलै २०२५मध्ये रद्दही झाला.

लाजेची एक दुसरी बाजू आहे. गाडीचा पर्याय सर्वांना सारखा उपलब्ध नाही. माल्टा आणि आइसलँडचा प्रश्नच नाही. पण लिस्बन-माद्रिद ही दोन शेजारी राजधान्यांची जोडीही २०२०मध्ये रात्रीची गाडी बंद पडल्यापासून थेट गाडीवाचून आहे. इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी रुमानियाची बाई सणाला घरी जाते ती स्वस्त विमानाने. गाडीने तिची अर्धी रजा डब्यातच संपेल, आणि वाटेत पहिल्या कंपनीची गाडी उशिरा पोहोचून दुसऱ्या कंपनीची चुकली तर नव्या तिकिटाचा भुर्दंडही बहुधा तिलाच. मुंबईहून फ्रँकफर्टला साडेसहा हजार किलोमीटर उडून आलेल्या पर्यटकाने तिथून पॅरिसला गाडीने जाण्यात काही गैर नाही, पण त्या जोरावर या बाईला उपदेश करणे शोभणारे नाही.

शिवाय विमान स्वस्त आहे ते निसर्गनियमाने नव्हे. १९४४च्या शिकागो करारापासून चालत आलेल्या प्रथेला धरून युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशाने व्यावसायिक विमानांच्या इंधनाला करमाफी दिली. परवान्यांचा मोठा हिस्साही कंपन्यांना वर्षानुवर्षे फुकट मिळत होता आणि तो २०२६पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. कमी हानीचा पर्याय महाग ठेवायचा आणि तो न निवडणाऱ्याला दोषी धरायचे, यात न्याय नाही. कर्तव्य आहे ते सरकारला कृती करायला लावण्याचे, हे सिनॉट-आर्मस्ट्राँग यांचे म्हणणे इथे पुन्हा बळकट होते.

सरकारने हात घातला तर काय होते, याचे दोन नमुने आहेत. फ्रान्समध्ये नागरिकांच्या परिषदेने गाडीने चार तासांत गाठता येणाऱ्या शहरांमधली विमाने बंद करा असे सुचवले होते. २०२१च्या कायद्यात ही मर्यादा अडीच तासांवर आली, आणि मे २०२३मध्ये अंमल आला तेव्हा पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियाँ हे तीनच मार्ग कचाट्यात सापडले. पुढचे विमान पकडणाऱ्यांना तर सूटच. स्पेनने बंदी न घालता गाडीच वेगवान केली. माद्रिद-बार्सिलोना हा एके काळी जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक होता. २००८मध्ये ६२१ किलोमीटरचा वेगवान लोहमार्ग पुरा झाला, गाडी अडीच तासांवर आली आणि बहुसंख्य प्रवासी आपसूक रुळांवर आले. त्यांतल्या बहुतेकांच्या मनात हवामानाचा विचारही नसेल. केवळ कर्तव्यबुद्धीने केलेल्या कृतीलाच नैतिक मोल देणारा कांट या प्रवाशांना श्रेय देणार नाही. वातावरणाला त्याने फरक पडत नाही, आणि धोरण ठरवणाऱ्यानेही पडू देऊ नये.

उरतात ते मधले मार्ग, जिथे कायदा पोहोचलेला नाही आणि वेगही पुरता जिंकलेला नाही. बर्लिन-पॅरिस रात्रीची गाडी डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा सुरू झाली आणि फ्रेंच सरकारने अनुदान काढून घेतल्यावर दोन वर्षांतच बंद पडली. तिकिटे खपत होती. खर्च भागत नव्हता. अशा मार्गावर ज्याच्यापाशी सवड आणि पैसा आहे, त्याला अणुव्रताचे माप लावता येते: दिवसाची गाडी आहे तिथे ती घ्यावी, नाही तिथे विमानात बसावे, आणि दोन्ही वेळा रात्रीच्या गाडीची मागणी चालू ठेवावी.