रस्त्याच्या मापातले पाप

हुपरी हे चांदीचे गाव. हातकणंगले तालुक्यातल्या या गावची पैंजणे देशभरच्या पेठांत जातात, आणि रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली अशा आसपासच्या गावांतल्या कित्येक घरांची चूलही याच धंद्यावर पेटते. व्यापारी कारागिराला चांदी वजनावर देतो, कारागीर दागिना वजनावर परत करतो. घट किती धरायची हे ठरलेले असते, टंच तपासून घेता येतो. बायका घरी बसून कड्या जोडतात, घुंगरू लावतात. त्यांच्या हाती सोपवलेला मालही वजनावरच परत येतो. जमिनीवर सांडलेला कीस कुणी वाया घालवत नाही. कारखान्यातली झाडलेली धूळसुद्धा जपून ठेवतात, कारण धुळीतून धातू काढणारा झारेकरी आपल्याकडे पूर्वापार आहेच. दुसऱ्याचा माल हाती आला की तो ग्रॅमच्या हिशेबाने परत द्यायचा असतो, हे इथे पोरासोरांनाही कळते.

आणि हाच माणूस मोटारसायकलवर बसला की? बाजाराच्या रस्त्यावर मधोमध गाडी उभी करून तो ओळखीच्याशी गप्पा मारतो. डावीकडून पुढे घुसतो. पिशवी घेऊन रस्ता ओलांडू पाहणारी म्हातारी त्याला दिसते, पण तो थांबत नाही, हॉर्न वाजवतो. (हजरत लुकमानांनी मुलाला आवाज खाली ठेवण्याची शिकवण देताना गाढवाच्या ओरडण्याचा दाखला दिला, असे कुरआनात आहे. तेव्हा मोटारींचे हॉर्न नव्हते.)

याचे उत्तर म्हणून लोक अरुंद रस्ते दाखवतात, पोलिसांची कमतरता दाखवतात. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की जवाहर साखर कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर लागतात. ऊस बाहेर लोंबत असतो, कित्येकांच्या मागे दिवा नसतो, साधा लाल कपडाही नसतो. चालवणाऱ्याला खेपा मोजून पैसे मिळतात. त्याच्या झोपेचा हिशेब कुणी ठेवत नाही. अंधारात मागून आदळलेल्या मोटारसायकलस्वाराच्या मरणाला एकटा ड्रायव्हरच जबाबदार धरणे आम्हाला पटत नाही. ट्रॉलीचा मालक, वाहतुकीचा करार करणारे, रोज बघून न बघणारे, सगळेच त्यात आहेत. देशात 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली, असा केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. इतकी माणसे केवळ नशिबाने मरत नसतात.

पण रस्ता रुंद आणि मोकळा असला म्हणून आपले वागणे बदलते का? कागलच्या बाजूला महामार्गावर जाऊन पाहावे. तिथेही उलट्या दिशेने येणारी दुचाकी दिसते, कारण पुढच्या वळणापर्यंत जाऊन फिरून येण्याचा कंटाळा. म्हणजे दोष एकट्या रस्त्याचा नाही.

आमच्या मते फरक ओळखीचा आहे. चांदीच्या व्यवहारात माणूस माहीत असतो, त्याचा बाप माहीत असतो. आज वजनात मारले तर उद्या काम मिळत नाही. रस्त्यावर आपल्याला कुणी ओळखत नाही आणि समोरचाही पुन्हा भेटणार नसतो. मग अवघड प्रश्न उभा राहतो. तराजूपुढचा आपला प्रामाणिकपणा ईमानाचा होता, की बाजाराच्या धाकाचा?

मापात पाप करणाऱ्यांवर कुरआनात एक स्वतंत्र सूरा आहे, सूरा मुतफ्फिफीन. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, ही त्यांची खूण. ही सूरा आपण दुकानदारांसाठी राखून ठेवली आहे. पण रस्त्यावर दुसरे काय चालते? आपल्याला वाट पुरेपूर हवी, दुसऱ्याला देताना मात्र हात आखडता. आणि इथली अडचण जास्त मोठी आहे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर अल्लाह माफ करील, पण बंद्याचा हक्क मारला तर त्या बंद्यानेच माफ केले पाहिजे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुकानदार गिऱ्हाइकाला गाठून चार पैसे परत करू शकतो. ज्याला आपण चिखलात उतरायला लावले तो माणूस कुठे शोधायचा?

कुणी म्हणेल, आपली माणसे इतकी वाईट नाहीत. अपघात झाला की तीच धावत येतात. खरे आहे. आपल्या भागात पडलेल्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारे हात लगेच पुढे येतात. पंचनाम्याची, साक्षीची भीती होती तेव्हाही येत होते. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतगारांच्या संरक्षणाच्या सूचनांना मान्यता दिली, 2019च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातही आले. दया आपल्याकडे भरपूर आहे. पण दया करताना आपण वर असतो आणि पडलेला खाली. हक्क देताना समोरच्याला बरोबरीचा मानावे लागते. रस्त्यात पडलेल्या म्हातारीसाठी आपण अर्धा दिवस घालवू. ती उभी असते तेव्हा तिला दोन सेकंद द्यायला मात्र मन होत नाही. ही गोष्ट केवळ रस्त्याची आहे असे आम्हाला वाटत नाही. घरातल्या सुनेला, कामावरच्या पोराला, जमातीतल्या गरीब माणसालाही आपण अशीच दया देतो आणि हक्क राखून ठेवतो.

वराती, मिरवणुका, जत्रा यांनी रस्ता अडतो, त्यावर सगळेच बोलतात. आपण आपल्या दारापासून सुरुवात करावी. रस्त्याच्या कडेला बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या, कुणाला त्रास देऊ नका, असे पैगंबर साहेबांनी (स.) सहाबांना बजावल्याचे हदीसमध्ये येते. वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणे ही ईमानाचीच एक शाखा मानली आहे. मौलाना हे सांगतात, आपण मान डोलावतो. आणि जुम्याला पहिल्या सफमध्ये जागा मिळावी म्हणून घाईघाईने गाडी शेजारच्याच्या दारात आडवी लावून आत जातो. त्या घरात कुणी आजारी असेल, कुणाला बाहेर पडायचे असेल, हे सलाम फिरेपर्यंत आपल्या ध्यानातही येत नाही. आणि त्या घरचे लोक, बहुधा आपल्याच गावातले जुने शेजारी, काही न बोलता दार ओढून घेतात.