अंगण वाकडें असलें तर?

आपल्या भाषेंत एक म्हण आहे : नाचतां येईना, अंगण वाकडें, रांधतां येईना, ओलीं लांकडें. स्वतःच्या अंगची उणीव झांकण्याकरितां साधनांस नांवें ठेवणाऱ्या मनुष्याचें हें वर्णन मोठें मार्मिक आहे, आणि घरोघरच्या वडील माणसांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या आळशी मुलांवर सुखानें वापरलें आहे. परंतु या म्हणीला एक दुसरी बाजू आहे, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. अंगण खरोखरच वाकडें असलें तर? लांकडें खरोखरच ओलीं निघालीं तर? अशा वेळीं नाचणारीनें आपल्याच पायांस दोष देत राहणें, हा विनय समजावा कीं अन्याय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका अगदीं घरगुती प्रसंगावरून. आमच्या मावशीबाईंचें वय आज ७८ वर्षांचें आहे. दुधाचा, वाण्याचा, भाड्याचा आणि लग्नकार्यांचा हिशेब त्यांनीं ४० वर्षें वहींत लिहून ठेवला, आणि त्यांत पैची चूक काढण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. या बाईंना गेल्या वर्षीं आपल्या ठेवीचें व्याज खात्यांत जमा झालें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें होतें. बँकेनें मोबाइलवरचें ॲप वापरण्यास सांगितलें होतें. मावशीबाईंनीं तें उघडलें. त्यानें पासवर्ड मागितला. तो दिला, तेव्हां सहा आंकड्यांचा ओटीपी मागितला. ओटीपी आला तो दुसऱ्याच पडद्यावर. तो वाचून, तोंडानें पुटपुटत, मूळ जागीं परत येईपर्यंत ॲपनें त्यांस बाहेर काढून दिलें होतें, आणि तेथें एकच ओळ उभी होती : 'कांहींतरी चुकलें आहे.' काय चुकलें, कोणाचें चुकलें आणि आतां काय करावें, यांविषयीं अक्षर नव्हतें.

आम्ही शेजारींच बसलों होतों. तिसऱ्या खेपेस आमचा धीर सुटला. "मावशी, अगदीं सोपें आहे हें!" असें म्हणून आम्हीं तो मोबाइल त्यांच्या हातांतून जवळजवळ हिसकावूनच घेतला. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "नाहीं रे बाबा, माझीच बुद्धि आतां चालेनाशी झाली आहे." हें ऐकून आम्हांस वाईट वाटावयास हवें होतें, त्या दिवशीं वाटलें नाहीं. तें वाटलें पुढें, जेव्हां परीक्षेचे गुण भरण्याच्या एका संगणकी पानानें आमचे दोन तासांचे श्रम एका क्षणांत गिळले, आणि एका तरुण विद्यार्थ्यानें आमच्या हाताखालचा माउस ओढून घेत म्हटलें, "सर, अगदीं सोपें आहे हें!"

यंत्रापुढें माणूस इतक्या लवकर शरमिंदा कां होतो? दार ओढावयाचें असतां आपण ढकलतों, तें हलत नाहीं, आणि आपण ओशाळून आजूबाजूस पाहतों. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनीं १९८८ सालीं रोजच्या वापरांतील वस्तूंवर एक ग्रंथ लिहून या शरमेचा विचार केला. अशा फसव्या दारांस पुढें त्यांचेंच नांव पडलें. दाराची मूठच जर 'मला ओढ' असें सांगत असेल आणि दार मात्र ढकलल्यावांचून उघडत नसेल, तर खोटें कोण बोललें? दार कीं माणूस?

दारापाशीं हंसून वेळ मारून नेतां येते. विमानांत तसें होत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप भूमीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच वर ओढून घेत, आणि विमान पोटावर आपटे. कागदोपत्रीं कारण लिहिलें जाई : वैमानिकाची चूक. आल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानें जाऊन पाहिलें, तों दोन्ही दांडे शेजारीं शेजारीं आणि हाताला सारखेच लागणारे! त्यानें उपाय सुचविला तो असा, कीं चाकांच्या दांड्यावर लहानसें रबरी चाक बसवावें आणि झडपांच्या दांड्यावर पाचरीसारखा तुकडा. मग अंधारांतहि बोटांस फरक कळेल. माणूस बदलला नाहीं, दांडा बदलला. १९४७ सालीं फिट्स आणि जोन्स या दोघां संशोधकांनीं वैमानिकांच्या अशा ४६० चुका तपासल्या, आणि ज्यांस चुका म्हटलें जात होतें त्यांतील कितीतरी उपकरणांच्या रचनेंतूनच उपजलेल्या आहेत असें दाखविलें. अंगण मोजावयास कोणीतरी शेवटीं ओळंबा घेऊन आलें होतें.

२८ मार्च १९७९ रोजीं पेनसिल्व्हानियांतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत अपघात झाला, त्यांतहि हाच धडा आहे. एक झडप उघडी अडकून पडली होती; परंतु तिच्यासंबंधींचा दिवा विझलेला पाहून कर्मचाऱ्यांनीं ती मिटली असें मानलें. वस्तुतः झडप मिटण्याचा हुकूम सुटला, एवढेंच तो दिवा सांगत होता. हुकूम पाळला गेला कीं नाहीं हें सांगण्याची त्याची योजनाच नव्हती. दोन तासांहून अधिक काळ ती झडप उघडी राहिली आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. मावशीबाईंच्या हातांतील पडद्यावरची ती मोघम ओळ याच दिव्याच्या कुळांतील आहे.

येथें एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि आम्ही जन्माचे शिक्षक असल्यामुळें तो आम्हांस टाळतां येत नाहीं. कष्टावांचून कोणती विद्या आली आहे? सतार सोपी नाहीं, व्याकरण सोपें नाहीं. मग मोबाइलनेंच सोपें कां असावें? प्रश्न रास्त आहे. परंतु काठिण्याचे दोन प्रकार आहेत. सतारीचें काठिण्य स्वरांच्या खोलीतून येतें. तें जिंकणाऱ्यास पूर्वीं नसलेलें कांहीं लाभतें. फसव्या दाराच्या मागें कसलीहि खोली नाहीं. तें शिकल्यानें मनुष्य अधिक शहाणा होत नाहीं, केवळ त्या एका दारापुरता सावध होतो. आणि पुढच्या दारापाशीं पुन्हां अडाणी ठरतो. पहिलें काठिण्य विषयाचें आहे, दुसरें करणाऱ्याच्या निष्काळजीपणाचें. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत आपण भरणें यास तपश्चर्या म्हणत नाहींत.

आणि सर्वच निष्काळजीपणा असतो असेंहि नाहीं. कित्येक ठिकाणीं अंगण हेतुपुरस्सर वाकडें केलेलें असतें. वर्गणीदार होण्यास एक बटण, आणि वर्गणी बंद करण्यास मात्र सात पानें! भारत सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं मार्गदर्शक नियम काढून अशा १३ फसव्या रचनांची नांवनिशीवार यादी दिली. त्यांतील एक तर आमच्या विषयाचें मर्मच होय : नकार देणाऱ्यास आपलीच लाज वाटावी अशा शब्दांत नकार लिहावयाचा. जी शरम आजवर अजाणतां उपजत होती, तिचीच येथें व्यापारासाठीं लागवड होते.

पूर्वीं डुगडुगती खुर्ची करणारा सुतार गल्लींतच राहत असे. सकाळीं त्याच्या दारीं जाऊन चार शब्द बोलतां येत. आज करणारा कोठें आहे याचा पत्ता नसतो, आणि मदतीच्या क्रमांकावर उत्तर देतें तें दुसरें यंत्र. दोषाला धनी सांपडला नाहीं म्हणजे तो सर्वांत दुबळ्याच्या दारीं जाऊन बसतो. कोणा सुशिक्षिताचें काम अडलें तर तो चिडतो; वृद्धाचें अडलें तर तो खचतो. चाळीस वर्षें पैचा हिशेब चोख ठेवणारी बाई स्वतःस निर्बुद्ध समजूं लागते, ही हानि कोणत्याहि खात्यांत जमा होत नाहीं म्हणून ती लहान ठरत नाहीं. आणि त्या हानीत आमचाहि वांटा आहे. यंत्रानें 'चुकलें' म्हटलें. 'सोपें आहे' असें म्हणून त्यावर शिक्कामोर्तब आम्हींच केलें. जें दुसऱ्यास जमत नाहीं तें सोपें आहे असें त्यास सांगणें, यासारखा गोड शब्दांतला अपमान नाहीं.

पुढें आम्ही मावशीबाईंपाशीं पुन्हां बसलों. या वेळीं मोबाइल त्यांच्या हातीं राहूं दिला आणि वही आम्हीं घेतली. एकेक पायरी त्यांनीं करावी, आम्हीं लिहावी. घाई कोणीहि करूं नये, असा करार ठरला. दोन महिने सुरळीत चाललें. मग एके दिवशीं ॲपचें नवें रूप आलें, आणि डावीकडचें बटण उजवीकडे गेलें. मावशीबाईंनीं वही पाहिली, पडदा पाहिला, पुन्हां वही पाहिली. मग चष्मा काढून शांतपणें म्हणाल्या, "वहींत बरोबर आहे रे. यांनींच रातोरात अंगण फिरवलेलें दिसतें."