दुसऱ्या पिढीचा प्रश्न



जुने घर ज्याने स्वतः सोडले, त्याला आपण काय सोडले ते पक्के ठाऊक असते. पण नव्या घरात जन्मलेल्या त्याच्या मुलाने स्वतःला कोण म्हणवून घ्यावे? हा प्रश्न परदेशी गेलेल्यांचा आहे, तसाच तुमच्या-आमच्या घरचाही आहे. कारण धर्मांतर हेही एक स्थलांतरच होय.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाबातून हजारो माणसे तेथील कारखान्यांत मजुरीला गेली. त्यांनी संघटना बांधल्या, संपही केले. तरी रस्त्यावरचा अपमान पुष्कळांनी गिळला, कारण गावाकडच्या हलाखीपुढे तेथली मजुरी बरी वाटे. मुलांचे माप निराळे होते. ती वर्गातल्या गोऱ्या मुलाशी स्वतःला ताडून पाहत. जन्म येथला, शाळा येथली, मग वागणूक वेगळी का? ४ जून १९७६ रोजी लंडनच्या साउथॉल भागात गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या तरुणाचा गोऱ्या तरुणांनी खून केला. तेव्हा ही मुले रस्त्यावर उतरली. आम्ही येथेच राहणार, येथेच लढणार, असे ती बजावू लागली. हा बापाशी कृतघ्नपणा नव्हता. बापाने उघडलेल्या दारातूनच मुलगा पुढे गेला होता.

पण याच समाजाने गावची जातही बरोबर नेली होती. तेथे जन्मलेल्या दलित मुलांनाही आपल्याच देशबांधवांकडून जात विचारली जाते. लग्नाच्या वेळी तर हमखास. म्हणून २०१३ साली ब्रिटिश संसदेने समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले. काही हिंदू संघटनांनी विरोध केला. २०१८ साली सरकारने असा बदल करणार नसल्याचे जाहीर केले. रंगाविरुद्ध समता मागायची आणि जातीविरुद्ध ती नाकारायची, याला न्याय म्हणावा काय? वरच्याकडे मागितलेली समता खालच्याला देत नाही, तोवर ती समता नसून केवळ आपली सोय आहे.

आता स्वतःकडे पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या घेणाऱ्यांनी पाणवठ्यावरची बंदी भोगली होती. तुमच्या मुलाने ती कदाचित पाहिलीही नसेल. कोणी म्हणतात, “मग कशाला सांगायचे? विसरू द्या.” पण आपण विसरलो म्हणून शेजारी विसरत नाही. घरात न सांगितलेली जात मुलाला बाहेर शिवी म्हणून कळते. ती शिवी कानी पडण्याआधी आईबापांच्या तोंडून त्याला इतिहास कळू द्या.

मात्र इतिहास सांगणे वेगळे आणि धम्म लादणे वेगळे. परंपरेने आले एवढ्यासाठी काही मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. मुलाला प्रश्न विचारू द्या. शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिल्याने धम्म अंगी येत नाही. तो त्याने विचार करूनच स्वीकारला पाहिजे.

आणि मुलगा उद्या तुम्हालाच विचारील: “त्रिशरण म्हणता, मग सोयरीक ठरवताना लाडवण की बावणे, हे का विचारता? मातंग शेजाऱ्याच्या घरी का जेवत नाही?” त्या दिवशी गप्प बसावे लागू नये, असे आजच वागा. मुले आपली भाषणे विसरतील. आपण कोणाच्या पंक्तीला बसलो, ते विसरणार नाहीत.