एफ कॉर्ड आणि आजीचा हंडा

एफ कॉर्डपाशी कित्येकांची गिटार कायमची भिंतीवर जाते. माझीही जाणार होती.

कागदावर ही कॉर्ड सोपी आहे. ई मेजरचा आकार एक घर पुढे सरकवायचा आणि पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या. म्हणजे बोटाचंच नट करायचं. (नट म्हणजे मानेच्या टोकाला असलेली खाचांची पट्टी.) हा एक आकार जमला की तोच सरकवत बाराही मेजर कॉर्ड मिळतात. एकच फंक्शन, फक्त पॅरामीटर बदलायचा. असलं काही दिसलं की माझ्यातला इंजिनिअर खूश होतो. बोटं होत नाहीत.

तेव्हा मी शहापूर तालुक्यात, गावी राहून ऑफिसचं काम करत होतो. तीन महिने रोज रात्री तासभर एफ. तर्जनीवर तारांचे वळ, मनगटात कळ आणि वाजवल्यावर नुसता ठक् असा आवाज. खोटं कशाला बोलू, मला त्या वळांचा अभिमान वाटायला लागला होता. मुरबाडचा मामेभाऊ कॅपो लावून सोप्या कॉर्डमध्ये गाणी वाजवायचा, त्याला मी हसायचो.

एकदा त्यानेच माझी गिटार हातात घेतली. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली आणि पहिल्या फ्रेटकडे बघितलं. तिथे जेमतेम केसाएवढी फट हवी. माझ्या गिटारीत आख्खं व्हिजिटिंग कार्ड गेलं. ‘अरे, ही गिटार आहे की बैलगाडी?’ म्हणाला. कल्याणच्या एका कारागिराने अर्ध्या तासात नटच्या खाचा घासून खोल केल्या. एफच्या पाच तारा तिथेच वाजल्या.

आनंद व्हायला हवा होता. राग आला. तीन महिने ज्याला मी साधना म्हणत होतो, तो प्लास्टिकच्या पट्टीतला दोष होता.

आमच्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजतोय. आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतात. आजीने उभी हयात डोक्यावर हंडे वाहिले. घरात काहीही चांगलं झालं की आम्ही म्हणतो, आजीच्या कष्टांचं चीज झालं. मी तसं स्टेटसही टाकलंय. त्या रात्री तिला विचारलं, पाणी वाहून काय शिकलीस गं?

‘शिकायचं काय त्यात? मान दुखायची.’

हीच आजी भातलावणीवर तासभर बोलते. रोप अंगठ्याने किती खोल रोवायचं, चिखल कसा हवा. कंबर तर लावणीतही मोडायची. पण लावणीत हात सुधारला की रोप नीट उभं राहतं. हंडा कितीही सफाईने आणा, उद्या विहीर तेवढीच लांब.

मग मी ज्याला चिकाटी म्हणत होतो ती यातली कुठली? गंमत म्हणजे आतून दोन्ही सारखीच दुखतात. मला फरक कळला नाही. कळायला दुसऱ्या कुणीतरी गिटार हातात घ्यावी लागली. हंड्याचं कौतुक मात्र तो डोक्यावर न घेणारेच करतात, त्यात मीही आलो. ब्लॅक सॅबाथच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं 1965 मध्ये कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या. त्याने सोपा मार्ग घेतला असं कुणी म्हणत नाही.

नट घासूनही माझी दुसरी तार मुकीच होती. ती नेमकी बोटाच्या पेराच्या खाचेत जायची. बोट जरा कुशीवर, हाडाच्या बाजूला वळवायला शिकेपर्यंत आणखी महिना गेला. त्या महिन्याबद्दल माझी तक्रार नाही.

यंदा महिला दिनाला आजीचा हंडा घेतलेला फोटो स्टेटसला लावायला काढला होता. नाही लावला. लावणी करतानाचा एखादा सापडतो का म्हणून सगळे अल्बम बघितले. एकही नाही.